शेवट माहीत असलेला जावई

सुहास शिरवळकरांची 'समांतर' मी कॉलेजात असताना एका रात्रीत वाचली. मे महिना, पारा 45च्या वर, अकोल्याच्या जठारपेठेतल्या घराची गच्ची, खाली ओली केलेली सतरंजी आणि वर वायरीला लटकवलेला बल्ब. कुमार महाजनचा हात पाहून ज्योतिषी म्हणतो, हा हात मी आधी पाहिलाय. म्हणजे कुमारचं भविष्य दुसरा कोणी सुदर्शन चक्रपाणी आधीच जगून बसलाय! पहाटेपर्यंत मी कादंबरी कमी आणि स्वतःचा तळहात जास्त वाचला.

13 मार्च 2020ला तिची मालिका एमएक्स प्लेअरवर आली. त्याच सुमारास सासूबाई आणि साळा दर्यापूरहून आमच्याकडे आले, आणि 25 तारखेपासून देशच बंद झाला. मालिका लावताना मी सहज म्हणून गेलो, "मी पुस्तक वाचलंय."

झालं. घरातल्या माझ्या किमतीला त्या दिवसापासून भाव आला.

पडद्यावर मात्र माझी पंचाईत होती. माझ्या डोक्यातला कुमार माझ्यासारखाच लुकडा, सायकलवाला. इथे गुबगुबीत स्वप्नील जोशी. भीती वाटायला लागली की नेमकी जाहिरात. कुलरच्या घरघरीत संवाद ऐकू येईना, आणि कुलर बंद केला की ऐकायला माणूस शिल्लक राहीना. त्यात चक्रपाणी म्हणून आले नितीश भारद्वाज, म्हणजे 'महाभारता'तले साक्षात श्रीकृष्ण! सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले. "देवच हाय म्हणते, मंग भ्या कायचं?" सतीश राजवाडेंनी नऊ भाग जमवलेलं गूढ एका नमस्कारात खलास.

आणि ऐन रंगात आल्यावर मालिका थांबली. पुढचं पुढच्या पर्वात!

"भाऊजी, सांगा नं शेवट," साळा मागे लागला. मी गूढ हसलो. हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गच्ची आठवत होती, डास आठवत होते, अंगावरचा काटा आठवत होता. शेवट साफ पुसला गेला होता. वाचनालयाला कुलूप. 1960च्या 'सायको'चा शेवट फुटू नये म्हणून हिचकॉकनं मूळ कादंबरीच्या प्रती बाजारातून उचलल्या, असं सांगतात. अकोल्यात माझी अब्रू टाळेबंदीनं फुकटात राखली.

आमरसाची दुसरी वाटी न मागता येऊ लागली. भांडी घासायची पाळी साळ्याकडे गेली. शेवटी त्यालाच संशय आला. "लिहून द्या भाऊजी. पाकीट बंद करून आईजवळ ठेवू."

लिहून दिलं.

दुसरं पर्व जुलै 2021मध्ये आलं. तोवर वाचनालय उघडलं होतं, पण पाकीट सासूबाईंच्या ट्रंकेत, दर्यापुरात! शेवटचा भाग संपल्यावर साळ्यानं फोनवर, स्पीकर लावून, ते फोडलं आणि मोठ्यानं वाचलं : "कुमारचं जे व्हायचं, तेच होते."

पलीकडे क्षणभर शांतता.

"बराबर लिवलं जावईबापूनं," सासूबाई म्हणाल्या. "किसनदेव तरी दुसरं काय सांगते?"

"आई, तू थांब!" साळा ओरडला. "भाऊजी, त्या भांड्यांचं काय ते बोला."