‘मालवून टाक दीप’ आणि त्याच्या वऱ्हाडी आवृत्त्या

‘मालवून टाक दीप’ हे मराठीतले अव्वल प्रेमगीत. शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकरांचा. भटांचा जन्म 15 एप्रिल 1932 रोजी अमरावतीत झाला. त्यामुळे हे गाणे घरचेच आहे आणि ते गायला कोणाला विचारावे लागत नाही, अशी वऱ्हाडात पक्की समजूत आहे. गाण्याच्या गरजा तीनच : अंधार, निवांतपणा आणि फक्त दोघे. वऱ्हाडी आवृत्तीत यांपैकी एक तरी हमखास नसते. बहुधा तिन्ही नसतात.

पहिली आवृत्ती कराओकेची. अमरावतीचे सांस्कृतिक भवन असो की अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह, गायक बहुधा सेवानिवृत्त अधिकारी असतो. तो कानाची पाळी धरून लतादीदींची क्षमा मागतो आणि मग गुन्हा करतो. गाणे नायिकेच्या तोंडचे आहे. पट्टी खाली आणता येते, शब्द बदलता येत नाहीत. म्हणून आयुष्य महसूल खात्यात काढलेले गृहस्थ भर सभागृहात प्रियकराची आर्जवे करतात. पहिल्या रांगेतून पत्नी त्याचे चित्रीकरण करते. दम कमी पडला की माइकचा इको वाढवतात.

दुसरी आवृत्ती वरातीची. क्लॅरिनेटवाला मुखडा हळुवार उचलतो, दुसऱ्या ओळीला ताशा तो हिसकावून घेतो. दोन्ही बाजूंना डोक्यावर झगमगते दिवे घेतलेली माणसे, मागे धडधडणारा जनरेटर, आणि एवढ्या उजेडात दिवा विझवण्याची विनंती! कायद्याची मात्र हरकत नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा लग्नाची वरात धार्मिक समारंभात मोजतो आणि तिथल्या वादनाला सूट देतो. ध्वनिमुद्रित आवृत्तीला ती सवलत नाही : मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर 5 वर्षे थांबावे लागते आणि मानधन आगाऊ मोजावे लागते.

तिसरी आवृत्ती घरगुती. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की अकोल्यात साथीला कुलर असतो; तो एकाच सुरात असतो, हा त्याचा गुण. भारनियमनाच्या वर्षांत दीप आपोआप मालवत असे, पण त्याच क्षणी “लाइन गेली बाप्पा!” म्हणत अख्खी गल्ली बाहेर येई. अंधार मिळाला, दोघे मात्र उरले नाहीत.

आवृत्ती मुळावर मात करू शकते. एटा जेम्सने 1960 मध्ये गायलेले ‘अ‍ॅट लास्ट’ आज तिचेच मानले जाते; त्याआधी ते ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाचे होते. वऱ्हाडात असा धोका नाही. कार्यक्रम संपला की श्रोते पार्किंगमध्येच मोबाइलवर मूळ गाणे लावतात. मुळाची आठवण करून देणे हे आवृत्तीचे काम, आणि ते वऱ्हाडी गायक चोख बजावतो.