राजीखुशीचं दिव्य

‘खाई त्याला खवखवे’ या म्हणीला तारा जोडल्या की लाय डिटेक्टर तयार होतो. छातीभोवती श्वास मोजणारी नळी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या चकत्या. यंत्र खोटं पकडत नाही, धडधड पकडतं. पोलिसांनी बोलावलेल्या माणसाचं काळीज धडधडत नसेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं. पण ते असो.

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी बजावलं, की संमतीशिवाय ही चाचणी कुणावरही लादायची नाही. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, सोबत वकील हवा. सगळं कसं राजीखुशीनं!

आता कोठडीतल्या माणसाची राजीखुशी ती काय? नाही म्हणाला, तर संध्याकाळच्या बातम्यांत ‘चाचणीला नकार, संशय बळावला’. हो म्हणून नापास झाला, तर आरोपपत्राआधीच शिक्षा. आणि पास झाला? मग ‘आरोपी सराईत’. मराठेशाहीत रवादिव्य करणाऱ्याला उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावा लागे. हात शाबूत राहिला, तर निदान तो सुटायचा.

शिवाय ज्याला खवखवतच नाही, त्याचं काय करायचं? अमेरिकेच्या सीआयएतला ऑल्ड्रिच एम्स मॉस्कोला गुपितं विकत होता आणि 1986 व 1991 या दोन्ही चाचण्यांत उत्तीर्ण झाला. पकडला गेला 1994 मध्ये. बँकेतल्या भरण्यांनी घात केला. तिथलाच मालिका खुनी गॅरी रिजवे 1984 मध्ये यंत्रापुढे निर्दोष ठरला, 2001 मध्ये डीएनएमुळे सापडला आणि 2003 मध्ये त्याने 48 खून कबूल केले.

या विद्येच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक विल्यम मार्स्टन. त्याची रक्तदाब चाचणी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 1923 मध्येच पुरावा म्हणून नाकारली. पुढे 1941 मध्ये त्याने ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतली नायिका रचली. तिच्या हाती एक दोर होता, त्यात अडकलेल्याला खरंच बोलावं लागे. ती कल्पना आहे, हे लहान मुलांनाही कळत होतं.

तेव्हा कुणी चाचणीचा आग्रह धरलाच, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. राजीखुशीने दिलेल्या चाचणीचाही निकाल आपल्या न्यायालयात पुरावा ठरत नाही. तिच्यातल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढीच ग्राह्य धरता येते.