गुरुवारचे दर्यावर्दी

पुण्याच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवार शाळा-कचेऱ्यांचा, गुरुवार यंत्रांचा. त्यामुळे अशा कारखान्यातल्या नोकरदाराच्या घरी बुधवारी रात्री मुलांच्या पोटात अचानक दुखू लागतं आणि गाडी पानशेत धरणाच्या रस्त्याला लागली की थांबतं. वैद्यकशास्त्राने याची दखल घ्यायला हरकत नाही.

गुरुवारी गर्दी नसते, हा सहलीमागचा मुख्य सिद्धांत. हाच सिद्धांत आणखी शेकडो कुटुंबांनी मांडलेला असल्याचं पार्किंगमध्ये कळतं. आजीचा उपवास, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. ती सगळ्यात आधी संपवतात उपवास नसलेले.

बोट निघाली की लाइफ जॅकेटमध्ये कोंबलेल्या बाबांना इतिहास आठवतो. ‘हेच धरण 12 जुलै 1961 ला फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं!’ ही माहिती पाण्याच्या मधोमध द्यायची, यालाच बहुधा संस्कार म्हणतात. धाकटी काठावर पकड घट्ट करते. धरण नंतर पुन्हा बांधलं, हे सांगायचं राहून जातं, कारण फोन वाजतो. सुट्टी असते ती यंत्रांना, साहेबांना नव्हे.

धरणासाठी पाण्याखाली गेलेल्या गावांचा विषय मात्र निघत नाही. तो ऐकायला बोटफेरी पुरणार नाही, शिवाय सेल्फी बाकी असतात. त्यातला एक स्टेटसवर चढतो. बोट काठाला लागायच्या आत तो पाहिलेल्यांत वर्गशिक्षिकांचं नाव सर्वात वर असतं.