तेरा-सहा अठ्ठावीस

उमरोळीहून बोईसर म्हणजे डहाणू लोकलनं जेमतेम एक स्टेशन. पण बरोबर मामा आणि विषय ट्रॅक्टरच्या टायरचा, म्हणजे प्रवास लांबलाच म्हणून समजा.

ऐन चिखलणीच्या तोंडावर मामांच्या जुन्या महिंद्राचा उजवा मागचा टायर फाटला. त्यावरचा १३.६-२८ हा नंबर चिठ्ठीवर उतरवून मामा डब्यात चढले. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून या मार्गावर धक्के आणि सल्ले दोन्ही मुबलक. एमआयडीसीत पाळीला निघालेला एकजण चिठ्ठी बघून म्हणाला, "चौदा-नऊ टाका मामा. मोठा टायर, मोठी ओढ!"

मामा फुलले. तेवढ्यात खिडकीतल्या आजोबांनी हवा काढली. "गिअर तेच, चाक मोठं. रस्त्याला पळेल, पण ओढ घटेल. वर मडगार्डला घासेल ते वेगळंच."

"आमचं शेतच वाईट हो," मामा म्हणाले. "जाताना डावीकडं कलतं, येतानाही डावीकडंच!"

आजोबा काही बोलणार, तोच बोईसर आलं.

दुकानदारानं चिठ्ठी वाचली. "तेरा-सहा म्हणजे टायरची रुंदी, अठ्ठावीस म्हणजे डिस्कचा व्यास, दोन्ही इंचांत. डाव्या टायरचा नंबर काय?"

"तोच की! जोडी आहे."

"बघून सांगा."

घरी फोन गेला. पोरानं काथ्यानं चिखल घासून फोटो धाडला: १२.४-२८.

"डिस्क अकरा इंची असणार," दुकानदार म्हणाला. "तिच्यावर दोन्ही बसतात, म्हणून खपून गेलं. पण उंचीत दोनेक इंचांचा फरक पडतो, काका. सरळ रस्त्यालाही डिफरन्शियलला उसंत नाही. आणि ट्रॅक्टर कायम डावीकडं कललेला."

मामा स्टुलावर बसले. "म्हणजे शेत सपाट होतं?"

"होतं म्हणजे?"

"उतार काढायला दोन्ही बांधांच्या कडेनं ट्रॉल्या भरभरून माती टाकली ना मी!"

दुकानदारानं तोंड फिरवून कॅल्क्युलेटर ओढला. जुना डावा झिजलेला, त्याच्याशी नवा जोडला तरी उंची जुळणार नाही. तेव्हा बारा-चारची जोडीच घ्यायची ठरली. टायर टेम्पोत चढले. टायरच्या पोटात ऐसपैस बसून मामांनी घरी फोन लावला.

"भात दोन्ही कडांना लावा," ते ओरडले. "मधे पाणी साचेल तिथं मासे सोडू!"