काल इथंच होती

रविवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली की आमच्या घरात 'कोण आहे?' असं कुणी विचारत नाही. मी मुकाट्यानं गाडीची किल्ली शोधायला लागतो. दारात अण्णा उभे असतात. गळ्यात दुर्बीण, हातात भडंगाचा डबा आणि पाठीमागं जिन्यावर जांभया देणारे कुणाचे तरी कुणीतरी.

"हे आमच्या वहिनींचे मावसभाऊ. पुण्याचे. म्हटलं, आलेच आहेत तर सुसर बघून जातील."

मावसभाऊ सुसर बघायला आलेले नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत असतं. त्यांच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय आणि भेटायची वेळ चार ते सहा आहे. ही चार ते सहाची बातमी अण्णांना कुठून लागते कोण जाणे. "मग चारपर्यंत काय करणार? बाकावर बसून पंखा बघणार?" या प्रश्नाला आजवर एकाही पाहुण्याला उत्तर सुचलेलं नाही.

असे अण्णा तुमच्याही माहितीत असणारच. कोकणातले असतील तर ते समुद्र दाखवतात, साताऱ्याचे असतील तर कास. समुद्र निदान जाग्यावर असतो. कासची फुलं सप्टेंबरात का होईना, असतात. आमच्या अण्णांची पंचाईत अशी की ते मिरजेत जन्मले. मिरजेला माणूस येतो तो गाडी बदलायला, नाहीतर दुखणं दाखवायला. 1894 साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी इथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून गावाचा लौकिकच तो. फार तर कुणी सतार घ्यायला येतो, कुणी मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणारं गाणं ऐकायला. निसर्ग बघायला मिरजेला कुणी आल्याची नोंद इतिहासात नाही. हा इतिहास अण्णा एकट्याच्या बळावर बदलायला निघालेत आणि पेट्रोल माझं आहे.

कृष्णाघाटाच्या पायऱ्या उतरल्या की अण्णांचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली येतो. पाहुण्यांना ते एका ओळीत उभं करतात. दुर्बीण फिरते. तिच्या उजव्या नळीत बुरशी आहे, त्यामुळं डाव्या डोळ्यानंच बघायचं असतं आणि डावा तेवढा उघडा ठेवणं सगळ्यांना जमत नाही. पाच मिनिटं जातात. दहा जातात. पाणकावळा बुडी मारतो, वर येतो. एक बाई धुणं आपटून, पिळून, बादली उचलून निघून जाते. मग अण्णा पलीकडच्या काठाकडं बोट करून ते वाक्य म्हणतात.

"काल इथंच होती."

आणि माझ्याकडं वळतात. "काय हो, होती ना?"

काल मी ऑफिसात होतो. पण चार पाहुण्यांसमोर वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं? मी 'हो' आणि 'अं' यांच्या मधला एक आवाज काढतो. अण्णा तो होकारात जमा करतात. माझ्या या आवाजाच्या भरवशावर गेल्या सहा वर्षांत सुसर 7 फुटांवरून 11 फुटांवर गेली आहे.

बरं, नुसती सुसर असती तर चाललं असतं. दंडोबाच्या डोंगरावर मोर काल इथंच होता. गणेश तलावातली बदकं गेल्या आठवड्यात इथंच होती. द्राक्षाच्या बागेत नेलं तर माल परवाच गेलेला. परतताना स्टेशनपाशी ते मला गाडी बाजूला घ्यायला लावतात. "2016 च्या एप्रिलात लातूरला पाणी घेऊन जाणारी गाडी. 50 डबे, 25 लाख लिटर, सगळं कृष्णेचं. इथंच उभी होती!" पाहुणे खिडकीतून मान बाहेर काढून रिकाम्या रुळांकडं आदरानं बघतात. अख्ख्या सकाळीत त्यांना प्रत्यक्ष मिळतात ती वांगी. कृष्णाकाठच्या मळीतली, काटेरी देठाची, दोन किलो. हॉस्पिटलात ती पिशवी घेऊन आत सोडत नाहीत, म्हणून भरलं वांगं आमच्याकडं होतं. एवढ्याकरता आमची ही अण्णांवर फारशी रागावत नाही.

एकदा पुण्याहून अकरावीतला एक पोरगा आला. डोळ्यांवर चष्मा, पायात डोंगर चढायचे बूट. त्यानं पहिल्याच पायरीवर अण्णांना अडवलं. सुसर म्हणजे घडियाल, लांब चिंचोळ्या तोंडाची. ती कृष्णेत नाहीच. कृष्णेत आहे ती मगर.

"पुस्तकात मगर असेल," अण्णा म्हणाले. "पाण्यात सुसर."

पोरगा डावा डोळा लावून पाण्याकडं बराच वेळ बघत राहिला. "पाण्यात तर काहीच नाहीये."

त्या दिवशी भडंगाचा डबा उघडलाच नाही.

पण अण्णा खचत नाहीत. 2019 च्या महापुरात घराच्या कौलांवर येऊन बसलेल्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला. ते घर बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातलं. अण्णांनी तो प्रत्येक पाहुण्याला दाखवला. "रायबाग म्हणजे खालच्या अंगाला. पाणी कुठून गेलं तिकडं? इथनं. म्हणजे सुसर कुणाची?" या हिशेबानं बंगालच्या उपसागरातले मासेही मिरजेच्या हद्दीत येतात.

त्यांना खरा घाव बसला तो 2021 च्या डिसेंबरात. सांगलीत चक्क गवा शिरला, तोही मार्केट यार्डात. टीव्हीवर दिवसभर तोच. अण्णा आमच्याकडं आले, चहाला नको म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. "1998 ला महापालिका एक केली तेव्हाच मी म्हटलं होतं. नाव सांगली-मिरज-कुपवाड, पण जे येणार ते सांगलीला." शेवटी वन खात्यानं गव्याला पकडून जंगलात नेऊन सोडलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी नागपूरच्या एका जोडप्याला मार्केट यार्ड दाखवलं. काय म्हणाले ते सांगायला नकोच.

सागरेश्वरला मात्र फळ येईल असं मलाही वाटलं होतं. देवराष्ट्र्याजवळचं, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळचं हे अभयारण्य जेमतेम 11 चौरस किलोमीटरचं. उजाड बोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी झाडं लावून लावून ते उभं केलं, हरणं बाहेरून आणून सोडली, आणि 1985 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिवाय सगळीकडून कुंपण. हरणं जाणार कुठं? आम्ही दोन तास चाललो. मुंबईच्या मेव्हण्यांनी पळस पाहिला, वारूळ पाहिलं, लेंड्या पाहिल्या. मग अण्णांच्या लक्षात आलं की दुर्बीण गाडीतच राहिली. ती आणायला ते खाली गेले आणि ते वळणाआड जाताहेत तोवर झाडीतून वीसएक चितळं निघाली. शांतपणे आमच्यासमोरून रस्ता ओलांडला, शेवटच्या नरानं तर थांबून आमच्याकडं पाहिलं, आणि उतारावर उतरून गेली. अण्णा धापा टाकत वर आले. मेव्हण्यांना राहवलं नाही.

"अण्णा! आत्ता इथंच होती!"

अण्णांनी रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं. दुर्बिणीची डावी नळी रुमालानं पुसली. "शक्य आहे," म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडात कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं. काकूंनी सांगितलं. अण्णा रेल्वेत गार्ड होते. मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते. अण्णांची बरीचशी नोकरी नॅरोगेजवर गेली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी. सायकलवाल्यानं मागं टाकावी अशी ती गाडी. ढालगाव, जत रोड, सांगोला, सगळा दुष्काळी माळ. त्या माळावर त्यांनी खोकड पाहिलं, काळवीट पाहिलं, एकदा भल्या पहाटे लांडग्यांची जोडी. पण ड्रायव्हरला पुढचं दिसतं, गार्डाला मागचं. शेवटच्या डब्यात माणूस एकटा. हाक मारून दाखवायचं कुणाला? पुढचं स्टेशन येऊन सांगावं तोवर जनावर तीन कोस मागं राहिलेलं. "तिकडं आत्ता होतं," असं हा माणूस उभा जन्म स्टेशनमास्तरांना सांगत आला आणि स्टेशनमास्तर हिरवा बावटा बघत आले. आता ती गाडीही नाही आणि ते रूळही नाहीत.

"ह्यांना सुसर दिसली नाही तेच बरं," काकू म्हणाल्या. "दिसली तर पुढच्या रविवारी काय करतील?"

खरं म्हणजे सुसर बघायचीच तर वर, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात जावं. थंडीत दहाच्या उन्हाला त्या काठावर येऊन आ वासून पडतात. अण्णांना ते मान्य नाही. "त्या त्यांच्या. पाहुण्याला आपली दाखवायची." तरी एकदा पाहुण्यांच्या हट्टामुळं गेलो. काठावर एक शेतकरी पाइपाला सुतळी आवळत बसला होता. अण्णांनी खालच्या आवाजात विचारलं, "दिसते का हो?"

"तुमी बघायला येताय," तो मान वर न करता म्हणाला. "आमाला मोटर बघायला रातीचं पाण्यात उतरावं लागतंय. दिसली तर बरी की. दिसली न्हाई, मग भ्या वाटतंय."

पाहुणे हसले. अण्णा हसले नाहीत. येताना गाडीत त्यांनी फक्त एकदा तोंड उघडलं आणि वाळू उपसणाऱ्यांना शिवी दिली. वाळूच नेली तर ती बसायची कुठं, आणि या माणसानं उतरायचं कुठं.

आणखी एक रविवार सांगतो, मग पुरे. 'मळी' या शब्दाला आमच्याकडं दोन अर्थ आहेत. एक नदीकाठची गाळाची जमीन, जिच्यातली वांगी मघाशी खाल्ली. दुसरी नदीत सोडतात ती. त्या सकाळी घाटावर उतरलो तर वासानंच पाय थबकले. पाणी काळपट, वर फेस, आणि काठाला पांढरी पोटं वर केलेले मासे. पायरीपासून पायरीपर्यंत, नजर पोचेल तिथवर. लहान मोठे, मिशांचे, बिनमिशांचे. नाशिकच्या पाहुण्यांनी नाकाला पदर लावला. मी अण्णांकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर ते वाक्य शब्दन् शब्द खरं होऊन पडलं होतं. ते म्हणाले नाहीत. दुर्बीण पिशवीत घातली, पाहुण्यांना म्हणाले, "चला, वाडीला जाऊ. बासुंदी चांगली मिळते."

त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली नाही. मी साडेसहाला उठून किल्ली हातात घेऊन बसलो होतो, हे कुणाला सांगू नका.

गेल्या डिसेंबरात अण्णांचा मुलगा कॅलगरीहून आला. बरोबर नऊ वर्षांचा नातू. मराठी छान बोलतो, फक्त प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं संपवतो. घाटाच्या वाटेवर त्यानं गाडीत सांगून टाकलं, "आमच्या मागच्या अंगणात हरणं येतात, आजोबा? बर्फात? रोज?"

"रोज?" अण्णांनी विचारलं. गाडी रोज वेळेवर सुटते असं कुणी सांगितल्यावर जुना रेल्वेवाला ज्या स्वरात विचारील, त्या स्वरात.

घाटावर धुकं होतं. पोरगा डावा डोळा लावून बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणकावळा बुडी मारून वर आला. मुलगा मोबाइलकडं बघत होता. मी वाट बघत होतो. अण्णा काही बोलेनात. पलीकडच्या काठाकडं नुसते बघत उभे राहिले, हात पाठीमागं बांधून, शेवटच्या डब्यात उभे असावेत तसे. पंधरा मिनिटं झाली.

मलाच राहवेना.

"काल इथंच होती," मी म्हटलं.

पोरानं दुर्बीण खाली घेतली. "खरंच? किती मोठी?"

"बारा फूट."

अण्णांनी माझ्याकडं नापसंतीनं पाहिलं.

"पोराला काहीतरी सांगू नका हो," ते म्हणाले. "अकरा."