दशखंडी विशेषणाची मीमांसा

विषय क्षुल्लक आहे, म्हणूनच तो पद्धतशीर मांडणे भाग आहे.

लक्ष्यपद. कान, नाक, घसा यांच्या वैद्यकाशी संबंधित गोष्टीला इंग्रजीत 'ओटोऱ्हायनोलॅरिंगोलॉजिकल' हे विशेषण लागते. रोमन लिपीत 22 अक्षरे, उच्चारात 10 खंड: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गो-लॉ-जि-कल. मुख्य आघात आठव्यावर. आधीचे सात म्हणजे नमनाचे घडाभर तेल. 'र'नंतरचा 'ह' इंग्रज लिहितो आणि गिळतो. 'कुऱ्हाड' सहज उच्चारणाऱ्या मराठी माणसाने तो का गिळावा?

विच्छेद. 'ओटो' हा ग्रीकांचा कान, 'ऱ्हायनो' नाक (गेंड्याच्या इंग्रजी नावात हेच नाक शिंगासह येते), 'लॅरिंग' स्वरयंत्र, 'लॉज' शास्त्र. पुढे 'इक' हा ग्रीक वळणाचा विशेषणप्रत्यय, त्यावर 'अल' हा लॅटिन. लग्न लागलेल्या नवऱ्याला पुन्हा हळद लावण्याचाच हा प्रकार. एवढे करूनही गिळताना दुखते ती घशाची मागची पोकळी शब्दाबाहेरच राहिली. मराठी 'घसा' दोन्ही सांभाळतो.

पूर्वपक्ष. कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्यासारख्या गावाला असे लांबलचक शब्द झेपायचे नाहीत.

उत्तरपक्ष. गावाच्या नावातच पाच खंड आहेत. शिवाय 2014 साली तीन खंडी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव पाच खंडी 'कलबुरगि' झाले. लांबीचे भय इथे कुणाला? उलट इथे शब्द वाढतो. मराठी जीभ शेवटचा 'अ' सोडते, कन्नड जीभ परक्या व्यंजनान्त शब्दाला 'उ' जोडते: बसचे 'बस्सु', तसे 'कल'चे 'कलु'. म्हणजे एकाच दुखऱ्या कानाला मराठीत दहा खंड, कन्नडात अकरा.

तुलना. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जुळली आहे की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होते, असे गम्पर्झ आणि विल्सन या भाषाभ्यासकांनी 1971 मध्ये दाखवले. तोच न्याय इथे लावू. मराठी 'कान-नाक-घसा' चार खंड, दखनी उर्दू 'कान-नाक-गला' चार, कन्नड 'किवि-मूगु-गंटलु' सात. अवयवांचा क्रम तिन्हींत एकच.

उपपत्ती. 'घशाचा डॉक्टर', 'घशाची तपासणी', 'घशाचे दुखणे': मराठीचा एकटा 'चा' विशेषणाचे काम करतो आणि नामाचे लिंगही सांगतो. इंग्रजी विशेषण दहा खंड खर्चूनही याबाबतीत मुके.

निर्णय. हे पद शोभेचे आहे. खुद्द इंग्रजीनेही रोजच्या वापरात 'ई.एन.टी.' या तीन खंडांवर तडजोड केली आहे. सबब, कान ठणकत असेल तर वाचकांनी व्युत्पत्तीत न शिरता थेट डॉक्टर गाठावा, आणि नुसते 'कान दुखतोय' म्हणावे.