भाच्याच्या हाती स्टिअरिंग: नवशिक्या मामांसाठी मार्गदर्शिका

डिसेंबरात न्यू जर्सीहून भाचा येतो, जेट लॅग उतरला की म्हणतो, "मामा, किल्ली दे ना, आज मी चालवतो." गिरगाव ते परळ या पट्ट्यात ज्यांच्याकडे गाडी आहे, ती ठेवायला जागा आहे आणि अमेरिकेत बहीणही आहे, अशा तिहेरी भाग्यवंतांसाठी ही मार्गदर्शिका.

साहित्य: गाडी, भाचा, त्याचं मूळ लायसन्स, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, चालू विमा, पीयूसी आणि मामीची संमती. शेवटची वस्तू कायद्यात नाही, पण किल्ली तिच्याच पर्समध्ये असते.

पायरी 1: वय विचारा. अमेरिकेत अनेक राज्यांत सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. आपल्याकडे मोटारीसाठी 18 पूर्ण लागतात. अल्पवयीनाला गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे मालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. 'साहेब, सहा फूट उंच आहे हो' हा बचाव चालत नाही.

पायरी 2: कागद बघा. नुसतं अमेरिकन लायसन्स पुरत नाही. रस्ते-वाहतुकीच्या 1949 च्या जीनिव्हा कराराखालचं परमिट सोबत हवं. भारत आणि अमेरिका दोघंही त्या करारात आहेत. परमिट लायसन्सच्याच देशातून, निघण्याआधी काढायचं. अमेरिकेत 'ट्रिपल ए' ही अधिकृत संस्था ते देते. मुदत एक वर्ष. इंटरनेटवर कुणी दहा वर्षांचं 'इंटरनॅशनल लायसन्स' विकत असेल, तर तेवढ्या पैशांची चौपाटीवर भेळ खावी. ताडदेवच्या आरटीओकडेही धावू नका. तिथे परमिट मिळतं ते इथलं लायसन्स घेऊन परदेशी निघालेल्यांना. भाचा इथेच गाडी शिकून गेला असेल आणि त्याचं भारतीय लायसन्स चालू असेल, तर तेवढं पुरे. ते संपून वर्ष उलटलं असेल, तर पुन्हा टेस्ट.

पायरी 3: विमा वाचा. विमा गाडीचा असतो; तुमच्या परवानगीने वैध परवान्याचा माणूस चालवत असेल तर सहसा अडत नाही. परवानाच नसेल, तर कलम 180 खाली तुम्हालाच 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. भाचा तोवर न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचलेला असतो.

पायरी 4: प्रात्यक्षिक. रविवारी सकाळी वरळीहून कोस्टल रोड धरा. पट्टे आखलेले, वेगमर्यादा 80, बोगद्यात 60. भाच्याला माहेरी आल्यासारखं वाटतं. वळताना वायपर फिरला की समजावं, त्याला इंडिकेटर द्यायचा होता. आपल्या बहुतेक गाड्यांत ती दांडी उजवीकडे असते आणि त्याचा हात डावीकडे जातो. दोन किलोमीटरचा बोगदा गिरगाव चौपाटीपाशी संपतो. अमेरिकाही तिथेच संपते.

पायरी 5: प्रगत अभ्यासक्रम. ठाकूरद्वारला डबल पार्किंग आणि हातगाडी यांच्यामधली फट हीच लेन, हे त्याला सांगा. दादरला तो झेब्रा क्रॉसिंगवर थांबेल. पादचारी संशयाने जागीच उभा राहील. मागचा टेम्पो उभा राहणार नाही. हिंदमात्याला त्याचा हॉर्न वाजणार नाही. 2020 च्या सुमारास मुंबई पोलिसांनी इथे आणि आणखी काही चौकांत असा सिग्नल आजमावला होता की गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. त्या सिग्नलला शोभेल असा एकमेव चालक तुमच्या घरी उतरला आहे. भाचा डिसेंबरऐवजी गणपतीत आला, तर लालबागचा धडा मात्र वगळावा. परळच्या कार्यशाळेतून निघालेली मूर्ती समोर आली, की भाच्याने खाली उतरून नाचावं, गाडी आपोआप थांबलेली असते.

पायरी 6: निकाल. ई-चलान गाडीच्या नंबरवर फाडलं जातं, म्हणून ते तुमच्याच मोबाइलवर येतं. बहिणीला पाठवून बघा. ती हसण्याची इमोजी पाठवते.

सारांश इतकाच, की किल्ली देणाऱ्यालाही कायदा जबाबदार धरतो. परमिट नसेल तर भाचा कितीही लाडका असो, काळीपिवळीला हात करा. आणि त्याचं तिकीट निघालं असेल, तर आजच फोन करून विचारा, "परमिट काढलंस का रे?"